सुखाचे दिवस नेमके कुणाचे?

विनोदी मालिकेचे शीर्षकगीत म्हणजे अर्ध्या-पाऊण मिनिटाचा मामला. कलाकारांची नावे पडद्यावरून सरकतात तोवर ते वाजते आणि संपते. त्यासाठी वर्तमानपत्राचा रकाना कशाला खर्ची घालायचा, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु इतिहासाची जाडजूड पुस्तके मोजकेच लोक वाचतात; शीर्षकगीत मात्र घरातले लहान पोरही गुणगुणते. म्हणूनच ज्यांना भूतकाळ आपल्या सोयीचा करून हवा असतो, त्यांना पुस्तकापेक्षा गाणे अधिक उपयोगी पडते. पुस्तकाचे खंडन करता येते. गाण्याचे खंडन कोण करणार?

अमेरिकेतील 'हॅपी डेज' या मालिकेचे उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. गॅरी मार्शल यांनी निर्माण केलेली ही मालिका एबीसी वाहिनीवर १५ जानेवारी १९७४ रोजी सुरू झाली आणि १९८४ पर्यंत चालली. १९७६-७७ च्या हंगामात ती अमेरिकेत सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका होती. कथानक विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात घडते आणि काळ १९५० च्या दशकाचा. हार्डवेअरचे दुकान चालवणारे कनिंगहॅम, त्यांचे सुखवस्तू कुटुंब, त्यांचा सालस मुलगा रिची, त्याचा चामडी जाकीटवाला मित्र फॉन्झी आणि पोरांचा अड्डा असलेले आर्नोल्डचे हॉटेल. फॉन्झीने हाताचा एक ठोसा दिला की ज्यूकबॉक्स आपोआप वाजू लागतो. सगळे कसे गोड, स्वच्छ आणि निरुपद्रवी!

हा काळ मालिकेने का निवडला, हे समजून घेतले पाहिजे. १९७४ साली अमेरिका व्हिएतनामच्या युद्धाने थकली होती. वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना त्याच वर्षी पायउतार व्हावे लागले. तेलाचा तुटवडा आणि महागाई होती. त्याआधीच्या दहा वर्षांत कृष्णवर्णीयांनी, स्त्रियांनी आणि विद्यार्थ्यांनी रस्त्यावर उतरून प्रस्थापितांची झोप उडवली होती. अशा वेळी गोऱ्या मध्यमवर्गाला एक असा काळ हवा होता, ज्यात कुणी प्रश्न विचारत नव्हते. तो काळ 'हॅपी डेज'ने त्यांना दर आठवड्याला घरपोच दिला.

सुरुवातीच्या दोन हंगामांत मालिकेच्या आरंभी बिल हेली यांचे 'रॉक अराउंड द क्लॉक' हे गाणे वाजत असे. त्यासाठी हेलींनी ते नव्याने ध्वनिमुद्रित केले होते. वीस वर्षे जुनी मूळ तबकडीही १९७४ साली पुन्हा खपू लागली आणि बिलबोर्डच्या यादीत ३९ व्या क्रमांकावर पोहोचली. पुढे तिसऱ्या हंगामापासून आरंभी मालिकेचे स्वतःचे गीत आले. शब्द नॉर्मन गिंबेल यांचे, संगीत चार्ल्स फॉक्स यांचे. आठवड्याच्या वारांची नावे घेत घेत प्रत्येक वार सुखाचा ठरवणारे हे गीत प्रॅट आणि मॅक्लेन या जोडीने गायले. १९७६ मध्ये त्याची तबकडी अमेरिकेत पाचव्या क्रमांकापर्यंत गेली. संगीत म्हणून त्यात खोट काढण्याचे कारण नाही. पाय ठेका धरतात, मन हलके होते. आक्षेप आहे तो त्यातल्या दाव्याला.

प्रथम 'रॉक अराउंड द क्लॉक'चा दाखला पाहू. १२ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. लिहिणारे गोरे, गाणारा गोरा. परंतु त्यातला ठेका कुठून आला? १९४९ पर्यंत बिलबोर्ड हे व्यापारी साप्ताहिक कृष्णवर्णीयांच्या संगीताची यादी 'रेस रेकॉर्ड्स' म्हणजे 'वंशाच्या तबकड्या' या नावाने वेगळी छापत असे. पंगत वेगळी, पाणवठा वेगळा, तशी गाण्याची यादीही वेगळी! त्या वर्षी नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' केले, यादी मात्र वेगळीच राहिली. त्याच १९४९ साली जिमी प्रेस्टन या कृष्णवर्णीय कलावंताने 'रॉक द जॉइंट' हे गाणे केले. १९५२ मध्ये बिल हेलींनी ते आपल्या वाद्यवृंदासह गायले. त्यात गिटारवादक डॅनी सेड्रोन यांनी वाजवलेला तुकडाच पुढे 'रॉक अराउंड द क्लॉक'मध्ये जवळजवळ जसाच्या तसा आला. या ध्वनिमुद्रणाचे सेड्रोन यांना मिळाले २१ डॉलर. दोनच महिन्यांनी, जून १९५४ मध्ये, ते जिन्यावरून पडून वारले. ज्या गाण्याने पुढे लाखोंची उलाढाल केली त्याचे यश पाहणेही त्यांच्या वाट्याला आले नाही. सेड्रोन गोरे होते. म्हणजे कलावंताचे श्रम स्वस्तात घेण्याची रीत रंगाची सीमाही ओलांडते, हेही येथे नोंदवले पाहिजे.

या ध्वनिमुद्रणाचे निर्माते होते मिल्ट गेब्लर. या गृहस्थांची कथा बोलकी आहे. कृष्णवर्णीय कलावंत लुई जॉर्डन यांच्या गाजलेल्या तबकड्या त्यांनीच केल्या होत्या आणि तोच उसळता ठेका त्यांनी हेलींच्या वाद्यवृंदात आणला. त्याआधी १९३९ मध्ये बिली हॉलिडे यांचे 'स्ट्रेंज फ्रूट' हे गाणे त्यांच्याच छोट्या कंपनीने प्रसिद्ध केले होते. जमावाने मारून झाडाला लटकवलेल्या कृष्णवर्णीयांच्या प्रेतांविषयीचे ते गाणे. कोलंबिया या बड्या कंपनीने ते काढण्यास नकार दिला होता. एकाच माणसाच्या हातून झालेल्या या दोन तबकड्या. त्यातली एक दूरदर्शन संचावर सुखाच्या दिवसांची खूण बनली. दुसरीला त्या दिवाणखान्यात जागा मिळणे शक्यच नव्हते.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर येथे चोरीचा गुन्हा शाबीत होत नाही. स्वामित्वहक्काचा कायदा विशिष्ट शब्दांना, विशिष्ट सुरावटीला आणि विशिष्ट ध्वनिमुद्रणाला संरक्षण देतो. शैलीला, ठेक्याला, एखाद्या समाजाने पिढ्यानपिढ्या घडवलेल्या गाण्याच्या ढंगाला तो संरक्षण देत नाही. म्हणून ज्या वस्त्यांत हे संगीत जन्मले त्यांना कोणत्याही न्यायालयात दाद मागता आली नाही. रिची कनिंगहॅम खुशीत आला की 'ब्लूबेरी हिल' गाऊ लागतो. हे गाणे त्या काळात घरोघरी पोहोचवले ते फॅट्स डॉमिनो या कृष्णवर्णीय गायकाने. गाणे घरात आले, ते घराघरात नेणारा गायक मात्र दाराबाहेर. आपल्या वाचकांना ही रीत नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. ज्यांच्या हलगीवाचून गावची मिरवणूक निघत नसे, त्यांना देवळाची पायरी बंद होती.

आता मिलवॉकीकडे वळू. मालिकेचे चित्रीकरण लॉस एंजलिसच्या स्टुडिओत होत होते, परंतु मिलवॉकी हे खरे शहर आहे आणि त्याचा १९५० चा दशकही खरा आहे. कारखान्यांतील कामासाठी दक्षिणेकडून आलेले कृष्णवर्णीय तेथे वाढत होते. १९५० साली ते सुमारे २२ हजार होते, १९६० साली ६२ हजारांवर गेले. त्यांना राहण्यासाठी शहराच्या उत्तर भागातील एक ठरावीक पट्टा होता. वॉलनट रस्त्याच्या आसपासच्या त्यांच्या वस्तीला ब्रॉन्झव्हिल म्हणत. दुकाने, दवाखाने, जॅझची ठिकाणे असा तो नांदता मोहल्ला होता. नगरसुधारणा आणि महामार्ग यांच्या नावाखाली १९५० आणि १९६० च्या दशकांत तो उद्ध्वस्त करण्यात आला. कनिंगहॅमसारख्यांच्या वस्तीत कृष्णवर्णीय शेजारी का दिसत नाही, याचे उत्तर येथे आहे. अनेक ठिकाणी खरेदीखतातच अट असे की हे घर गोऱ्याखेरीज कुणाला विकू नये. १९४८ साली शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची अंमलबजावणी न्यायालये करू शकणार नाहीत असा निकाल दिला. पण दलाल, बँका आणि शेजारी यांनी ती अट कागदाविना चालू ठेवली.

याच शहरात व्हेल फिलिप्स नावाची स्त्री होती. १९५१ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातून कायद्याची पदवी घेणारी ती पहिली कृष्णवर्णीय महिला. १९५६ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी, ती मिलवॉकीच्या नगरसभेवर निवडून आली. त्या सभागृहातील ती पहिली स्त्री आणि पहिली कृष्णवर्णीय सदस्य. १९६२ मध्ये तिने घर विकताना अथवा भाड्याने देताना वर्णभेद करण्यास मनाई करणारा ठराव मांडला. ठरावाच्या बाजूने मत पडले एक, विरोधात अठरा. ते एक मत तिचे स्वतःचे. तिने तो पुन्हा मांडला, पुन्हा मांडला. दर वेळी बाजूने एकच मत!

अखेर २८ ऑगस्ट १९६७ रोजी एनएएसीपी या संघटनेच्या युवा शाखेने आणि जेम्स ग्रोपी या गोऱ्या कॅथलिक धर्मगुरूने मोर्चा काढला. सोळाव्या रस्त्यावरचा लांब पूल ओलांडून तरुण दक्षिणेकडील गोऱ्या वस्तीत गेले. तेथे हजारोंचा जमाव दगड-बाटल्या घेऊन उभा होता. त्या पुलाच्या अलीकडे काळे आणि पलीकडे गोरे, अशीच शहराची फाळणी होती. मोर्चा दुसऱ्या दिवशी निघाला, तिसऱ्या दिवशी निघाला, हिवाळ्याच्या बर्फातही निघाला. असे सलग २०० दिवस. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि आठवड्याभरात देशपातळीवर न्याय्य गृहनिर्माणाचा कायदा झाला. एप्रिल संपता संपता मिलवॉकीच्या नगरसभेनेही तो नियम केला. शीर्षकगीतातील सोमवार-मंगळवार आणि या २०० दिवसांतील सोमवार-मंगळवार एकाच शहराचे आहेत, हे विसरू नये.

शाळांची गोष्ट याहून विदारक आहे. १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. मिलवॉकीच्या शाळा मंडळाने त्यावर एक युक्ती काढली. कृष्णवर्णीय वस्तीतील शाळेत गर्दी झाली वा दुरुस्ती निघाली, की पूर्ण वर्ग बसमध्ये घालून गोऱ्यांच्या शाळेत न्यायचा. पण तेथे तो वर्ग वेगळ्या खोलीतच बसवायचा. अनेकदा दुपारच्या जेवणालाही मुलांना बसमधून आपल्या शाळेत परत आणायचे आणि पुन्हा न्यायचे. गोऱ्या मुलांच्या शेजारी बसून त्यांनी डबा खाऊ नये म्हणून एवढा खटाटोप! साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या तरटावर बसणारा भीम ज्यांच्या काळजात आहे, त्यांना मिलवॉकीच्या त्या मुलांच्या मनात काय चालले असेल हे सांगावे लागणार नाही.

लॉइड बार्बी या कृष्णवर्णीय वकिलाने याविरुद्ध १९६४ मध्ये शाळा बहिष्कार घडवून आणला आणि १९६५ मध्ये खटला गुदरला. अकरा वर्षे तो चालला. १९ जानेवारी १९७६ रोजी न्यायाधीश जॉन रेनॉल्ड्स यांनी निकाल दिला की मिलवॉकीच्या शाळांत बेकायदेशीर वर्णविभाजन आहे. पुढे अपील झाले, फेरसुनावणी झाली, १९७९ मध्ये तडजोड झाली. वाचकहो, वर्ष लक्षात घ्या. १९७६! ज्या वर्षी मिलवॉकीच्या सुखी दिवसांचे गीत देशात पाचव्या क्रमांकावर वाजत होते, त्याच वर्षी त्या शहरातील काळ्या मुलांचे दिवस कसे होते हे न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदले गेले. दोन्ही दस्तऐवज उपलब्ध आहेत. लोकांना पाठ आहे तो पहिला.

यावर काही मंडळी म्हणतील की ही विनोदी मालिका होती, समाजशास्त्राचा प्रबंध नव्हता. हे म्हणणे अर्धे खरे आहे. मालिकेनेही एक-दोन भागांत हा विषय घेतला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९७५ च्या एका भागात स्टिक्स नावाचा कृष्णवर्णीय ढोलकिया फॉन्झीचा मित्र म्हणून येतो आणि त्याच्यामुळे रिचीच्या मेजवानीला लोक येईनासे होतात. मालिका त्या लोकांची बाजू घेत नाही. पण प्रश्न अर्ध्या तासात सुटतो, स्टिक्स कथेतून निघून जातो आणि पुढच्या आठवड्यात शीर्षकगीत पुन्हा सर्व वार सुखाचे असल्याचे सांगते. अपवाद एका भागापुरता आणि नियम दर आठवड्याचा. न्यायालयात खोटे बोलणारा साक्षीदार पकडता येतो. निम्मे खरे सांगून निम्मे गिळणारा साक्षीदार अधिक घातक असतो. गतकाळाचे असे गोडवे त्या दुसऱ्या जातीचे साक्षीदार आहेत.

त्याच काळात दुसऱ्या बाजूनेही गाणी वाजत होती. 'हॅपी डेज'नंतर चारच आठवड्यांच्या आत, ८ फेब्रुवारी १९७४ रोजी, 'गुड टाइम्स' ही मालिका सुरू झाली. दोन्ही नावांचा अर्थ एकच. पण 'गुड टाइम्स' शिकागोच्या सरकारी गृहसंकुलातील कृष्णवर्णीय कुटुंबाची होती. तिचे शीर्षकगीत नोकरीवरून काढले जाण्यापासून उधारी-उसनवारीपर्यंतच्या अडचणींची यादी वाचते आणि तरीही जगण्याचा आनंद मानते. १९७५ मध्ये 'द जेफरसन्स' आली. धुलाईच्या धंद्यातून वर आलेले कृष्णवर्णीय कुटुंब न्यूयॉर्कच्या उंची इमारतीत राहायला जाते, अशी ती कथा. तिचे गीत जॅनेट ड्युबॉइस आणि जेफ बॅरी यांनी रचले, ड्युबॉइस यांनीच चर्चमधल्या समूहगानाच्या थाटात गायले. आणि विषय? वर चढण्याचा! ज्यांचा भूतकाळ साखळदंडात गेला ते मागे वळून सुस्कारे टाकत नाहीत. त्यांच्या गाण्याची क्रियापदे भविष्यकाळाची असतात. आपली भीमगीते ऐका, तेथेही हेच आढळेल. गावगाड्याच्या आठवणीने गहिवरणारे भीमगीत कुणी ऐकले आहे काय?

याचा अर्थ शोषितांना आठवणींचा अधिकार नाही असा नव्हे. २०२१ मध्ये 'द वंडर इयर्स' ही जुनी मालिका नव्या रूपात आली. मूळ मालिका गोऱ्या उपनगरातील होती. नवी मालिका अलाबामातील माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीय कुटुंबाची. १९६० च्या दशकातील त्या मुलाचे बालपणही हसरे आहे. मात्र ते हसू रस्त्यावर काय घडते आहे हे डोळ्याआड करून आलेले नाही. दोन हंगामांत ती बंद पडली. पण जुन्या दिवसांची गोडी आणि जुन्या दिवसांचे सत्य एकत्र नांदू शकतात, एवढे तिने दाखवले.

आता आपल्याकडे पाहू. मिलवॉकीच्या तरुणांना ज्या एनएएसीपीने उभे केले, तिच्या संस्थापकांपैकी एक डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. त्याच वर्षी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. पुढे तेथे 'चिमणराव'सारख्या मालिकांनी मध्यमवर्गीय मराठी घराची गंमत सांगितली आणि ती गंमत आजही आठवणीने सांगितली जाते. सांगावी. पण त्याच दशकात, १९७८ मध्ये, दया पवारांचे 'बलुतं' आले. तेही मागे वळून पाहणेच होते. त्याला शीर्षकगीत मिळाले नाही.

हा केवळ करमणुकीचा प्रश्न असता तर येथेच थांबता आले असते. परंतु 'पूर्वी सगळे कसे गुण्यागोविंदाने राहत होते' हे वाक्य कायद्याच्या मुळावर येते. अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम १९५५ सालचा. १९७६ च्या दुरुस्तीने त्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले. त्याच्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास वा तेथे राहण्यास अटकाव करणे हा गुन्हा आहे. कायदा आहे, पण सिद्ध कसे करणार? आडनाव ऐकल्यावर दलाल म्हणतो, 'खोली कालच गेली.' कागद नाही, साक्षीदार नाही. आणि २००५ साली झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा गृहनिर्माण संस्थेचा उपविधी संघटना-स्वातंत्र्याच्या आधारे वैध ठरवला. पारशी समाजाविषयी आमचा आकस नाही. पण ज्या भिंतीला अमेरिकेच्या न्यायालयाने १९४८ मध्ये आपला हात देण्याचे नाकारले, तशाच भिंतीला आपल्याकडे २००५ मध्ये घटनेचा आधार मिळाला, ही वस्तुस्थिती प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याने अभ्यासली पाहिजे. अशा वातावरणात जुन्या एकोप्याची गाणी वाजू लागली की भेदभावाची तक्रार करणाराच भांडखोर ठरतो.

मिलवॉकीत नदीकाठी २००८ मध्ये फॉन्झीचा कांस्यपुतळा उभारला गेला. पर्यटक त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. फॉन्झी कधी जन्मलाच नव्हता. व्हेल फिलिप्स मात्र जन्मली, लढली, न्यायाधीश झाली, राज्याची सचिव म्हणून निवडून आली आणि २०१८ मध्ये वारली. तिचा पुतळा राज्याची राजधानी मॅडिसन येथे विधानभवनाच्या आवारात उभा राहिला २०२४ मध्ये. काल्पनिक माणसाला पुतळा आधी आणि खऱ्या लढवय्या स्त्रीला सोळा वर्षांनी! तरीही तो उभा राहिला, कारण सभावृत्तान्तांत तिच्या एकट्या मताची नोंद होती आणि लोकांनी ती नोंद जपली.

समाजबांधवांनी यातून घ्यायचे ते हेच. जुनी गाणी ऐकावीत, ठेकाही धरावा. त्यात पाप नाही. पण आपल्या वस्तीतील सत्तर-ऐंशी वर्षांच्या माणसांकडून त्यांचे दिवस लिहून घ्यावेत. कोणत्या विहिरीवर कुणी अडवले, कोणत्या चाळीत खोली नाकारली, कोणत्या शाळेत कुठे बसवले, सालासकट. मोर्चांची पत्रके, फिर्यादींच्या प्रती, निकालपत्रे जपावीत. उद्या कुणी जुन्या सुखी दिवसांचे शीर्षकगीत आपल्या मुलांना शिकवू लागेल, तेव्हा उलटतपासणीसाठी हाताशी कागद असला पाहिजे.